वाळकी काठी, ओली काठी

अक्का, तुला मातीत बसवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी परसात गेले. आपल्या लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, हे किती बरं आहे ते मला त्या दिवशी कळलं. शेजारच्या कुलकर्णीणबाई भिंतीवरून बघत होत्या. त्यांच्याकडे माणूस गेलं की दहा दिवस कुणी कशाला हात लावत नाही. हिला दुःख कमी झालंय, असं त्यांना वाटलं असणार. वाटू दे. मला दहा दिवस कोपऱ्यात बसवलं असतं तर मी वेडी झाले असते. टमाट्याची झाडं जमिनीवर लोळत होती. तू अंथरूण धरलंस तेव्हा गुडघ्याएवढी होती. नंतर आधार नाही म्हणून आडवीच वाढली. खालची फळं मातीला टेकून एका अंगानं नासली होती. मी पदर खोचला आणि आधाराला गोठ्यामागच्या तुरीच्या वाळक्या काठ्या, तुराट्या, आणायला गेले.

हो, तुराट्याच. तुझा जीव खाली-वर झाला असेल तर होऊ दे.

तू शुद्धीवर होतीस तो शेवटचा दिवस मला आठवतो. येळवशीची अमावास्या होऊन गेली होती, शेतातल्या पूजेहून आणलेली आंबील अजून घरात होती आणि तू तिला तोंड लावलं नव्हतंस, तेव्हाच मला धसका बसला होता. मी तुझ्या कपाळावर ओली घडी ठेवत होते. तू डोळे उघडलेस.

“काठ्या दिल्यास का गं?”

“देते की. तू नीज.”

“कशाच्या द्यायलीस?”

“तुराटीच्या. दुसऱ्या कशाच्या देऊ?”

तू भिंतीकडं तोंड केलंस आणि म्हणालीस, “मग पडतेत.”

त्यानंतर तू जे बोललीस ते तापातलं होतं, त्याला शेंडा-बुडखा नव्हता. आता भेटायला येणाऱ्या बायका विचारतात, जाताना अक्कांनी देवाचं नाव घेतलं का? मी घेतलं म्हणून सांगते. “मग पडतेत” म्हणाल्या, हे कसं सांगू? पण खरं सांगते, तुझं हे बोलणं मला देवाच्या नावापेक्षा जास्त पुरतं. ते माझ्यासाठी होतं.

मी लिहायला बसले आहे ते मात्र वेगळ्याच कारणानं. तुला पालखीत बसवून नेत होते, जंगम अय्या पुढं घंटा वाजवत होते, आणि माझ्या मागं चालणारी एक बाई दुसरीला म्हणाली, “धाकट्या जावेनं अडकवून ठिवली बिचारीला. फुकटात राबायला मिळाली. न्हाई तर कवाच दुसरं घर थाटलं असतं तिनं.” बाई कोण ते तुला सांगत नाही, तू तिकडूनही भांडायला येशील. मी मागं वळले नाही. पण ते बोलणं कानात बसलं ते बसलंच. कारण तोच प्रश्न मी स्वतःला किती वर्षं विचारत होते, आणि तुला विचारायची हिंमत कधी झाली नाही. तू इथं राहिलीस ती तुझ्या मनानं, की माझ्यामुळं अडकून पडलीस?

मी मेहकरहून लग्न होऊन कोहिनूरला आले तेव्हा तुझे मालक होते. मला त्यांचं फक्त खोकणं आठवतं. माझ्या पहिल्या दिवाळीच्या आधीच ते गेले. तू तेव्हा तिशीचीही नव्हतीस आणि तुझी कूस रिकामी होती. आपल्यात विधवेची उडकी लागते, तिला पुन्हा संसार मांडता येतो, त्यात कुणी नाक मुरडत नाही. वरीस होताच तुला तुझा भाऊ शिवण्णा निंबर्ग्याला घेऊन जाणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. अव्वा, आपली सासू, तीसुद्धा म्हणायची की थोरलीच्या पायात बेडी घालायची नाही. ती तोंडानं फाटकी होती, पण मनानं वाईट नव्हती.

आणि त्याच वर्षी टमाटे आले.

आमचे हे गुलबर्ग्याच्या बाजारात तूर घालून आले तेव्हा धोतराच्या सोग्यात चार-पाच लाल फळं बांधून आणली होती. कुणा साहेबाच्या बंगल्यावरच्या माळ्यानं दिलेली. माळी त्याला विलायती बैंगन म्हणत होता. अव्वानं एक फळ चिरलं, आतला लाल गर पाहिला आणि विळी तिथंच टाकून उठली. “शिव शिव! ह्ये आपल्या चुलीवर चढायचं न्हाई. रगत हाय ह्ये.” तिनं विळी राखेनं तीनदा घासली. आपण दोघी तोंडात पदर कोंबून हसत होतो. तू ती फळं उचललीस, परसात नेलीस, गर राखेत चोळून बी वाळवलंस. तुझ्या तोंडावर हसू आलं ते मालक गेल्यावर पहिल्यांदाच, म्हणून अव्वाही पुढं काही बोलली नाही. पुढं दोन वर्षांनी अय्या जेवायला आले होते, त्यांनी तुझं टमाट्याचं सार दोनदा मागून घेतलं, तेव्हा अव्वाचा सोवळेपणा सुटला. मग तीच येळवशीच्या मिसळीच्या भाजीत, भज्जीत, हिरवे टमाटे चिरून टाकायला लागली आणि वर म्हणायची, आमच्याकडं पहिल्यापासून अशीच करतात.

भांडण सुरू झालं ते काठ्यांवरून. हस्ताचा पाऊस सरल्यावर आपण रोपं लावली, न्हाणीच्या पाण्याचा पाट तिकडं वळवला, आणि रोपं अशी फोफावली की महिन्यात माना टाकायला लागली. आधार द्यायला हवा, यावर आपलं एकमत होतं. एकमताचं तेवढंच. मी जिरायती गावची. आमच्याकडं आधार म्हणजे वाळकी काठी. तीन तुराट्या रोवायच्या, शेंडे एकत्र बांधायचे आणि त्या तिकाटण्याला झाड अंबाडीच्या सुतळीनं जखडायचं. तू निंबर्ग्याच्या पानमळ्यात वाढलेली. तुला वाळक्या काठीला वेल बांधणं म्हणजे पाप वाटायचं. तुमच्याकडं पानवेलीला जित्त्या झाडाचा आधार देतात, शेवऱ्याचा नाही तर पांगाऱ्याचा. तू बांधावरच्या पांगाऱ्याच्या हिरव्या फांद्या तोडून आणल्यास आणि रोपाशेजारी एकेक ठोकून दिलीस.

मी म्हणाले, “अक्का, ह्ये काय करायलीस? ओलं लाकूड हाय, मुळं धरंल की.”

“धरू दे की. जित्त्याला जित्त्याचा आधार पाहिजे.”

“टमाटा म्हंजे पानवेल न्हाई!”

“वेलावानीच लोळतंय का न्हाई? मग वेलच हाय.”

शेवटी वाफ्याची वाटणी झाली. विहिरीकडची ओळ माझी, भिंतीकडची तुझी. भावाभावांची शेतं वाटताना होत नाही एवढी तणातणी आपण त्या वाफ्यापायी केली. हे ओट्यावरून बघायचे आणि पाठ फिरवून आत जायचे. शहाणा माणूस.

तुझ्या गाठी मात्र मी पहिल्याच वर्षी चोरल्या. मी सुतळी करकचून बांधायची. झाड जाड झालं की सुतळी खोडात रुतायची आणि वरचा शेंडा पिवळा पडायचा. तू केळीच्या सोपटाच्या वाद्या पाण्यात भिजवून घ्यायचीस, आधी काठीला घट्ट वेढा द्यायचीस आणि मग झाडाभोवती सैल फास. “लेकराचा करदोटा बांधतेत तसं बांधायचं. बोट आत गेलं पाहिजे, आन् लेकरू वाढलं तरी काचू नये,” असं स्वतःशीच पुटपुटायचीस. हे तू मला शिकवलं नाहीस, मी बघून बघून उचललं, आणि तूही ते ओळखून होतीस. तोंडानं मान्य करायचं ते दोघींच्याही रक्तात नव्हतं.

पौषात एकदा भलताच वारा सुटला. माझ्या ओळीतल्या तुराट्यांना बुडाशी वाळवी लागली होती, हे मला कुठं माहीत? अख्खी ओळ कच्च्या फळांसकट आडवी झाली. मी उठून परसात गेले तर तू आधीच तिथं होतीस. मोडक्या फांद्यांना दोन्ही बाजूंनी खपच्या लावून चिंध्या बांधत होतीस, हाडवैद्यासारखी. मला वाटलं, आता हिला बोलायला जागा मिळाली. पण तू दिवसभर खपच्याच बांधत राहिलीस. संध्याकाळी भाकरी थापता थापता हळूच म्हणालीस, “पांगाऱ्याला वाळवी लागत न्हाई.” मी परातीतलं पीठ तुझ्या अंगावर उडवलं.

पण तुझं तरी कुठं सगळं बरोबर होतं? दुसऱ्या वर्षी तुझ्या पांगाऱ्यांनी अशी पानं धरली की खालच्या टमाट्यांना ऊन दिसेना. ते बिचारे उजेडाकडं माना काढून किडकिडीत वाढले. पांगाऱ्याचे काटे तोडणीच्या वेळी दोघींच्या हातांवर ओरखडे काढायचे. तू म्हणायचीस, थंडीत त्याची पानं झडतात, ऊन मिळतं, आणि उन्हाळ्यात सावली मिळते. झडतात, कबूल. पण ती झडेपर्यंत टमाट्यानं वाट बघायची का? यावर तू कानडीत शिरायचीस. “साक, बिडु!” पुरे, सोड. आणि तुझ्या ‘बिडु’नंतर मला बोलायची सोय नसायची.

एक गोष्ट मात्र तू केलीस आणि मी आजही ती डोळ्यांपुढून हलवू शकत नाही. तुझी झाडं डोक्याच्या वर गेली. खालची पानं वाळली, फळं फक्त शेंड्याला. मी म्हटलं, आता उपटू. तू ऐकलं नाहीस. तुमच्या मळ्यात वेल आधाराच्या टोकाला पोचली की ती उतरवतात, तिचं वेटोळं करून बुडाशी मातीत पुरतात आणि शेंडा तेवढा वर काढून पुन्हा बांधतात. तू टमाट्याची उतरण काढायला बसलीस. एकेक वादी सोडलीस, खालची पानं खुडलीस, ते लांबलचक खोड हळूहळू वाकवून चरात निजवलंस. मी ओरडले, “जित्तं झाड पुरायलीस व्हय गं? भ्रमिष्ट झालीस का?”

“दम धर,” म्हणालीस.

मी दम धरला तो तुझी फजिती बघायला. पण त्या पुरलेल्या खोडांना जागोजाग मुळं फुटली आणि शेंडे असे तरारले की चैतात, गावात कुणाच्या परसात हिरवं पान नसताना, आपल्याकडं टमाटे लागले. गावभर मी सांगितलं, आमच्या अक्कानं केलं. तुला मात्र म्हणाले, पाणी जास्त पडलं म्हणून झालं असंल. आता लिहिते. ते पाण्यामुळं नव्हतं.

शिवण्णा या सगळ्यात तीनदा येऊन गेला. दर खेपेला येळवशीनंतर, रिकामी बैलगाडी घेऊन. गाडी रिकामी का, ते सगळ्यांना कळायचं. पहिल्या खेपेला त्यानं स्थळही आणलं होतं. आळंदकडचा बिजवर, दोन लेकरं, स्वतःचा पानमळा, विहीर. मी ताक घुसळणं थांबवून आतून ऐकत होते. माझी थोरली तेव्हा पाळण्यात होती, रात्रंदिवस तुझ्याच मांडीवर वाढत होती. तू परसातून आलीस, कोपरापर्यंत मातीनं भरलेली, भावाला म्हणालीस, “टमाट्याला काठ्या द्यायच्या हायत. तेवढं झालं की बघू.”

तो चार दिवस राहून परत गेला. दुसऱ्या खेपेला तू म्हणालीस, झाडं फळाला आली आहेत, तोडणी झाली की बघू. तिसऱ्या खेपेला उतरण. शिवण्णा वैतागला. “अक्का, तुझे टमाटे संपत न्हाईत व्हय गं कवा? त्या माणसानं तिकडं दुसरी केली की!” तू हसलीस. “बरं केलं. लेकरांना माय पाहिजे होती.” शिवण्णा त्यानंतर रिकामी गाडी घेऊन आला नाही. यायचा तो पानांची करंडी घेऊन यायचा.

आणि मी? मी ‘जा’ म्हणाले नाही, ‘राहा’ही म्हणाले नाही. जा म्हणायला जीभ उचलत नव्हती. राहा म्हणायचा मला काय हक्क? माझी दोन्ही बाळंतपणं तू काढलीस, अव्वाचं म्हातारपण तू उचललंस. माझा स्वार्थ उघड्या डोळ्यांना दिसत होता. मी राहा म्हटलं असतं तर तू राहिली असतीस, आणि जन्मभर माझ्या मनाला लागून राहिलं असतं की हिला मी बांधलं. म्हणून गप्प बसले. गप्प बसूनही ते लागून राहिलंच. परवा पालखीच्या मागं ती बाई बोलली ती दुसऱ्या कुणाचं नाही, माझ्याच मनातलं बोलली.

तर त्या सकाळी मी तिकाटणी उभी करत होते आणि शिवण्णा परसात आला. तुझ्या मातीला आला होता, दुसऱ्या दिवशी जायचा होता. आता तोही म्हातारा दिसायला लागलाय, अक्का. तुझ्या ओळीतल्या पांगाऱ्यांपाशी गेला, एकाच्या खोडावरून हात फिरवला. मी लोळलेलं एकेक झाड उचलून बांधत राहिले. मग मला राहवलं नाही. हातातली वादी तशीच धरून मी विचारलं, “अण्णा, खरं सांगा. अक्का माझ्यापायी अडकली का हितं?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाईट वाटेल, तो समजूत घालेल, असं मला वाटलं होतं. त्यानं समजूत घातली नाही.

“मी बी तसंच समजत होतो, गौरा,” तो म्हणाला. “तिसऱ्या बारीला आलो तवा मी तिला लई बोललो. म्हनलं, त्या जावेच्या लेकरांपायी जल्म घालवायलीस. तिकडं मळा हाय, घर हाय, समदे तुला हातावर झेलतेत. कामून येत न्हाईस? तर काय म्हनली ठावं हाय?”

“न्हाई,” मी म्हणाले.

“म्हनली, तिकडं आले की सगळ्यांना माझी कीव येती. वैनी उलटून बोलंना, पोरं बोलंनात, मी म्हनंल त्येला व्हय व्हय म्हनतेत. पांढऱ्या कपाळाच्या बाईचं मन मोडू नये म्हून. हितं एक हाय, तिला माझी कीव येत न्हाई. सकाळी उठली की भांडाय लागती. मालक गेल्यापासून तिच्याबिगर कुनी मला ‘चुकलीस’ म्हनलं न्हाई. मी हिला सोडून यायची न्हाई.”

एवढं बोलून तो पाय धुवायला विहिरीकडं गेला. मी वाफ्यातच खाली बसले. तुला मातीत बसवताना मी रडले नव्हते. सगळ्या बायका बघत होत्या, रडायला हवं होतं, पण रडू आलं नाही. ते तिथं आलं, चिखलात, कुलकर्णीणबाईंच्या डोळ्यांदेखत. त्या भिंत ओलांडून आल्या, माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, “रडा बाई, रडा. अक्कांसारखं माणूस व्हायचं न्हाई. त्यांचं काही चुकायचंच न्हाई.”

आल्यागेल्या सगळ्यांचं तेच चाललंय. गाव तुझ्याबद्दल एवढं चांगलं बोलायला लागलंय की ते तुझ्याबद्दल बोलतात की आणखी कुणाबद्दल, मला कळेनासं झालंय. अक्का देवमाणूस. अक्काच्या हाताला यश. अक्कानं कधी कुणाला दुखावलं नाही. हेसुद्धा मान हलवतात, वैनी म्हणजे वैनीच होती म्हणतात. मेल्यावर तुझी पुन्हा कीव करायला लागलेत सगळे, आणि त्यात मी सामील व्हायची नाही.

म्हणून ऐक. पांगाऱ्याची ओळ मी ठेवणार नाही. त्यानं तुझ्या टमाट्यांचं ऊन खाल्लं, जमिनीतलं पाणी ओढलं आणि फळं निम्म्यावर आणली. हे तुला डोळ्यांनी दिसत होतं, तरी तू हट्ट सोडला नाहीस. टमाट्याला वाळकीच काठी पाहिजे. चुकलीस तू, अक्का. साफ चुकलीस.

आता बोल.